काचचित्रांतील पुष्पाकृती

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेल्या तावदानांवरील, म्हणजे व्यवहारात ज्यांना स्टेन्ड ग्लास म्हणतात त्यांवरील, पाने, फुले, कळ्या व वेली यांचे अलंकरण. हा आकृतिबंध या कलेत विशेष रुजला, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. काचा धरून ठेवणारी, दोन्ही बाजूंना खाच असलेली शिशाची पट्टी चित्रात काळी रेषा म्हणून उमटते आणि तीच देठ, पाकळीची कड वा वेलीचे वळण होते, त्यामुळे आधार व अलंकार यांत भेद उरत नाही.

वितळलेल्या काचेत धातूंची ऑक्साइडे मिसळून तिला रंग आणतात : कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा वा तांबडा, तर मँगनीजने जांभळा. पाकळ्यांच्या शिरा व छाया धातूचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांच्या मिश्रणाने रंगवून भट्टीत पक्क्या करतात. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात चांदीच्या संयुगाचा लेप भाजून काचेवर पिवळी छटा आणण्याची रीत रुळली आणि पांढऱ्या फुलाचा पिवळा गाभा, मध्ये शिसे न घालता, एकाच तुकड्यावर दाखवता येऊ लागला. शेवटी पट्ट्यांच्या सांध्यांना डाख देऊन फटींत लांबी भरतात.

मध्ययुगीन चर्चमध्ये लिली मेरीच्या निष्कलंकतेचे, तर द्राक्षवेल ख्रिस्तप्रसादाचे प्रतीक होती. इंग्लंडमधील यॉर्क येथील ‘फाइव्ह सिस्टर्स’ या तेराव्या शतकातील खिडकीत करड्या काचेवरील पर्णरचनेलाच प्राधान्य आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम मॉरिसच्या संस्थेने या कलेला नवजीवन दिले. पुढे अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी याच्या कार्यशाळेत तांब्याच्या पातळ पत्रीने सांधे नाजूक झाले व बारीक पाकळ्याही काचेत कापता येऊ लागल्या.

महाराष्ट्रात ही कला मुंबईच्या गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतील वास्तूंत प्रामुख्याने आढळते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने रचलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये रंगीत काचांतील वेलबुट्टीला दगडातील पानाफुलांच्या कोरीवकामाची जोड आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा व त्यालगतचे विद्यापीठ ग्रंथालय यांतील काचचित्रेही प्रसिद्ध आहेत. काळाच्या ओघात शिसे वाकते व लांबी सुटते, म्हणून जतनाच्या कामात पट्ट्या बदलाव्या लागतात. मात्र शिशाची रेषा हीच फुलाची रेषा असल्याने नवी पट्टी मूळ जाडीची व मूळ वळणाचीच असणे अत्यावश्यक ठरते.