रजेच्या हिशेबातला हिमालय

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील गिर्यारोहणाचा इतिहास पाहताना शिखरांच्या उंचीइतकेच लक्ष कारखान्यांच्या हजेरीपटाकडे द्यावे लागते, कारण हिमालयाची तयारी येथे प्रामुख्याने दोन गोष्टींवर बेतलेली असे : हाकेच्या अंतरावरचा सह्याद्रीचा कातळ आणि मोजून मिळणारी रजा. १९५४ मध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या कारखान्यांभोवती पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची वस्ती वाढत गेली. भारतातले गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षणही याच सुमारास आकाराला आले; दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ मध्ये सुरू झाली, तर मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ मध्येच निघाली होती.

मोबदला देऊन जाणकार मार्गदर्शक सोबत घ्यायचा आणि त्याच्या निर्णयाने बर्फाळ शिखर चढायचे, ही रीत मूळची आल्प्सची. माँ ब्लाँ हे शिखर १७८६ मध्ये प्रथम चढले गेले. १८२० मध्ये त्याच डोंगरावर हिमप्रपातात, म्हणजे घसरून आलेल्या बर्फाच्या लोंढ्यात, तीन मार्गदर्शक दगावले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पायथ्याच्या शामोनी या गावातील मार्गदर्शकांनी आपली संघटना बांधून कामाच्या पाळ्या व मोबदला यांचे नियम केले. महाराष्ट्रात मात्र सुरुवातीला हा मार्ग धरला गेला नाही. येथे गडकोटांच्या भ्रमंतीतून गिर्यारोहणाकडे येणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि या पट्ट्याच्या शेजारीच, तळेगाव दाभाडे येथे राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने त्या भ्रमंतीला प्रतिष्ठा दिली होती. भ्रमंतीतून संस्था उभ्या राहिल्या, संस्थांनी मोहिमा काढल्या, आणि मोहिमेची तयारी म्हणजे वर्गणी, शिध्याची मोजदाद, तंबूंची दुरुस्ती, परवानगीची पत्रे अशी सगळ्यांनी मिळून करायची कामे, हे गृहीतच धरले गेले.

कामगाराच्या दृष्टीने यातली सर्वांत अवघड सामग्री म्हणजे वेळ. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार आधीच्या वर्षी किमान २४० दिवस कामावर असलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे, ती सामान्यतः वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा तोडून घेता येत नसे, अर्ज किमान १५ दिवस आधी करावा लागे आणि शिल्लक रजा पुढे नेण्याची मर्यादा ३० दिवसांची होती. उत्तरकाशीचा प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा, आणि पुण्याहून तेथे रेल्वेने व बसने जाण्यायेण्यात आणखी काही दिवस मोडणार. म्हणजे कायद्याने दिलेल्या किमान रजेवरच ज्याची भिस्त, त्याला एका अभ्यासक्रमासाठी साधारण दोन वर्षे रजा साठवणे भाग होते, आणि त्या काळात घरातले लग्नकार्य, आजारपण, गावची जत्रा यांसाठी त्या साठ्याला हात न लावणे हाही तयारीचाच भाग होता. मोठ्या कारखान्यांत करारांमुळे याहून अधिक रजा मिळत असली, तरी ती मंजूर करणे शेवटी खात्याच्या साहेबाच्या हाती असे.

सरावाचे वेळापत्रकही कारखान्यानेच ठरवले. विजेचा भार सर्व दिवसांवर विभागला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळ्या वारी साप्ताहिक सुट्टी देण्याची पद्धत होती आणि पिंपरी-भोसरी भागाच्या वाट्याला गुरुवार आला. संस्थांच्या सहली व शिबिरे मात्र रविवारी भरत. त्यामुळे कारखान्यातला गिर्यारोहक एक तर रजा खर्च करी, किंवा आपल्याच पाळीतले चार सोबती जमवून गुरुवारी बाहेर पडे. लोणावळा लोकलने पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डीहून मळवलीला उतरले की लोहगड, विसापूर आणि भाजे येथपर्यंत पायी जाता येते. पुढे खंडाळ्याची नागफणी, म्हणजेच ड्यूक्स नोज, आणि तैलबैलाच्या सरळसोट भिंती ही प्रस्तरारोहणाची, म्हणजे कातळावर दोर व साधनांच्या आधाराने चढण्याची, खरी शाळा. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि उन्हाळ्यात तो हात टेकवत नाही इतका तापतो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सरावाचा हंगाम ठरला, आणि हिमालयाचा मे-जूनचा हंगाम त्यानंतर दोनच महिन्यांनी येत असल्याने वर्षाची आखणी आपोआप बसली.

साधनांची गोष्ट याहून विचित्र. चिंचवडला पूर्वी गरवारे वॉल रोप्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा दोरांचा मोठा कारखाना आहे, पण त्याची ख्याती मासेमारीची जाळी आणि जहाजांचे दोर यांसाठी. गिर्यारोहणाचा दोर वेगळा असतो. त्याच्या आत नायलॉनच्या तंतूंचा गाभा आणि बाहेर विणलेले वेष्टण असते, आणि चढणारा पडला तर हा दोर ठरावीक प्रमाणात ताणून पडण्याचा झटका शोषून घेतो. न ताणणाऱ्या दोरावर तोच झटका थेट माणसाच्या कमरेवर आणि कातळातल्या मेखेवर येतो. त्यामुळे लोखंड व प्लास्टिकच्या कामात देशात नाव असलेल्या या पट्ट्यातही दोर, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) आणि बर्फाच्या बुटांना लावायचे क्रॅम्पॉन हे संस्थेच्या कपाटातून सही करून आणावे लागत, आणि परत करताना दोर वावावावाने हातातून सरकवत कुठे मऊ पडला आहे का, हे तपासले जाई.

सह्याद्रीने हात तयार केले, पाय तयार केले. फुप्फुसे तयार करणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. कळसूबाई हे त्यातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे, तर ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्यासाठी शरीराला उंचीची सवय लावावी लागते : ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यायची, असा सर्वमान्य दंडक आहे. हा दंडक घाई करू देत नाही, आणि तोच रजेच्या मुळावर येतो.

तरीही पुढे उंच शिखरे गाठली गेली : १९९८ मध्ये हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक तेथे गेले आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनजंगेवर पोहोचले. या यशाने हौस वाढली. त्याच काळात चाकणला वाहन उद्योग फोफावला, अभियंत्यांच्या हाती पैसा आला आणि शामोनीची जुनी रीत नव्या रूपाने येथे पोहोचली. मनालीजवळचे ५,२८९ मीटरचे फ्रेंडशिप किंवा लडाखमधले सहा हजार मीटरवरचे एखादे शिखर निवडायचे आणि पैसे भरायचे. तंबू, स्वयंपाकी, दोर, परवानगी आणि वाटाड्या हे सारे दुसऱ्याने पाहायचे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अनुभवी मार्गदर्शकाचा निर्णय हौशी मंडळाच्या मतदानापेक्षा केव्हाही बरा. परंतु शिध्याच्या मोजदादीत आणि दोराच्या तपासणीत नवख्याला जे नकळत कळत असे, ते या सोयीत गळून गेले, हेही मान्य करावे लागते.

शिवाय रजेचा प्रश्न सुटला नाही, त्याने केवळ रूप बदलले. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याला लांब सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी, त्यामुळे तो या सहलींत फारसा येऊ शकत नाही. अभियंत्याकडे पैसा असतो, पण सलग दिवस नसतात. त्याच्या सोयीसाठी कार्यक्रम आवळताना पहिली कात्री राखीव दिवसावर, म्हणजे खराब हवामानात थांबण्यासाठी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या दिवसावर, चालते. म्हणून जाणते मार्गदर्शक नाव नोंदवणाऱ्याला किती किलोमीटर धावता हे विचारण्याआधी परतीचे तिकीट किती तारखेचे आहे हे विचारतात, आणि ते शिखरदिनाच्या दुसऱ्याच दिवसाचे असेल तर बदलून घ्यायला सांगतात.