मालवणचा किनारा आणि एस्. टी. : शासनाचे उद्दिष्ट व उतारूची गरज

सार्वजनिक मालकीची वाहतूकसंस्था शासनास जशी उत्तरदायी असते, तशीच ती तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या उतारूसही असते. या दोहोंचे हित कोठे एकरूप होते आणि कोठे दुरावते, हे पाहावयाचे झाल्यास मालवणच्या किनाऱ्याचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो.

एस्. टी. येण्यापूर्वी या किनाऱ्याचे तोंड समुद्राकडे होते. मुंबईच्या गिरण्यांत पोटासाठी गेलेला चाकरमानी आगबोटीने ये-जा करी. आगबोट किनाऱ्यापासून दूर नांगरली की उतारूंना पडावातून उतरावे लागे, आणि पावसाळ्यात तर बंदरेच बंद होत. जमिनीकडून पाहिले तर गड व कर्ली या नद्यांच्या खाड्यांवर तरींचा आधार होता, आणि घाटमाथ्याशी संबंध राही तो फोंडा व आंबोली या घाटांनी. खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. परंतु उतारू भरपूर असतील तेथेच त्या धावणार, हे व्यवसायाच्या दृष्टीने स्वाभाविक होते. खाड्यांनी तोडलेल्या व डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांना त्यांचा उपयोग बेताचाच होता.

मुंबई राज्याच्या एस्. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर आलेल्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा संस्थांवर दोन कर्तव्ये सोपविली. वाहतूक कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसूत्र असावी, हे पहिले. आणि कारभार व्यापारी तत्त्वांनुसार चालावा, हे दुसरे. कागदावर या दोहोंत विरोध दिसत नाही. मालवणच्या भूगोलात मात्र तो तात्काळ प्रकट होतो. कारण जेथे सेवा ‘पुरेशी’ करावयाची, तेथे ती बहुधा व्यापारी दृष्ट्या परवडत नाही.

हा विरोध काही काळ तरी सुसह्य झाला तो ‘वस्तीच्या गाडी’मुळे. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून निघून आडगावी मुक्काम करावयाचा आणि पहाटे तीच गाडी परत आणावयाची, अशी ही पद्धत होय. त्या एका गाडीतून शाळेची मुले, दवाखान्यात जाणारे रुग्ण, बाजारास निघालेल्या बायका आणि कचेरीत काम असलेला शेतकरी असे सारेच जात. शिक्षणाचा प्रसार हे शासनाचे धोरण आणि वेळेवर शाळेत पोहोचणे ही मुलाची निकड, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच फेरीत साधत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला व त्याचे मुख्य ठाणे महामार्गावरील ओरोस येथे आले. शासन लोकांच्या निकट आले हे खरे. परंतु मालवण, देवगड वा वेंगुर्ल्याच्या माणसास कचेरी गाठावयाची तर किनारा सोडून आत जाणे भागच होते. म्हणजे जिल्हानिर्मितीचा हेतूही काही अंशी एस्. टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून राहिला.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिची स्थानके कणकवली, कुडाळ अशी आतल्या पट्ट्यात आहेत. मालवणास स्थानक नाही. परिणामी दूर पल्ल्याचे उतारू रेल्वे व खाजगी आराम गाड्या यांच्याकडे वळले, आणि स्थानकापासून वाडीपर्यंतचा तुटीचा पल्ला एस्. टी.कडे उरला. दूर पल्ल्याच्या उत्पन्नातून आडमार्गाची तूट भरावी, हा जुना आधार त्यामुळे खिळखिळा झाला.

याच सुमारापासून सवलतींचा विस्तार होत गेला. २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढील वृद्धांस मोफत, तर २०२३ मध्ये महिलांस अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला. उद्दिष्टे निःसंशय स्तुत्य आहेत. तथापि सवलत जाहीर करणारे शासन आणि प्रत्यक्ष गाडी चालविणारे महामंडळ ही भिन्न आहेत, हे विसरता कामा नये. सवलतीची भरपाई पूर्ण व वेळेवर झाली नाही, तर तिचा भार अखेर डिझेल, दुरुस्ती व नव्या गाड्या यांवर पडतो. शिवाय १९५८ च्या कायद्याने शासन उतारूंच्या भाड्यावर करही घेत आले आहे. एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे असा हा व्यवहार असल्यामुळे संस्थेचा तोटा किती आणि शासकीय धोरणाचा खर्च किती, हे ताळेबंदावरून सहज उमगत नाही. ज्या फेरीत सवलतीचा उतारू बसावयाचा ती फेरीच रद्द झाली, तर सवलत केवळ कागदावर उरते.

२०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट झाले. ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन होते त्याचे अडले नाही, ज्याला एस्. टी.वाचून गती नव्हती, तोच अडला. अशा उतारूसाठीच सार्वजनिक सेवा असते. म्हणून व्यापारी तत्त्वाचा अर्थ तोट्याची फेरी बंद करणे असा न घेता, त्या फेरीची किंमत शासनाने आपल्या उद्दिष्टाचा खर्च म्हणून उघडपणे मांडून भरणे, असा घ्यावयास हवा. १९५० च्या कायद्यातील दोन कर्तव्यांचा मेळ मालवणच्या किनाऱ्यावर तरी अन्य मार्गाने बसण्यासारखा नाही.