पाच व्होल्टचा इतिहास

व्हिडिओ गेमचा इतिहास लिहिणारे लोक पडद्यावर काय दिसलं ते लिहितात. पडद्यामागच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझी सगळी नोकरी पॉवर सप्लायमध्ये गेली, त्यामुळे हे जरा मनाला लागतं. म्हणून आज थोडं त्या बाजूने.

निमित्त म्हणजे आमच्या गॅरेजमधलं १९७९ सालचं 'अ‍ॅस्टरॉइड्स'. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: माणसाएवढं उंच लाकडी कपाट, आत काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेषांचं एक त्रिकोणी यान आणि चहूबाजूंनी येणारे दगड. दगड फोडायचे, बस्स. अटारी कंपनीच्या लाइल रेन्स आणि एड लॉग या दोघांची ही करामत. सत्तर हजारांच्या वर मशीनं खपली. मागणी अशी की त्याच सुमाराचं 'लूनर लँडर' बाजूला ठेवून पहिली काही अ‍ॅस्टरॉइड्स त्याच्याच कपाटांत भरून पाठवली गेली!

तर आमचं मशीन सुरू व्हायचं, दहा मिनिटं झकास चालायचं आणि मग पडदा काळा, आतून टिक-टिक-टिक. थंड होऊ दिलं की पुन्हा दहा मिनिटं. ज्या आजोबांकडून घेतलं ते पूर्वी पिझ्झाच्या दुकानांत आणि लाँड्रोमॅटमध्ये अशी मशीनं ठेवून पोट भरायचे. फोनवर लक्षण ऐकून ते म्हणाले, "बोर्डाला हात लावू नकोस. आधी पाच व्होल्ट बघ."

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १९७२ साली अटारीचा पहिला 'पाँग' सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये ठेवला आणि थोड्याच दिवसांत तो बंद पडल्याचा निरोप आला. बनवणारा अ‍ॅल अल्कॉर्न हत्यारं घेऊन गेला, तर आत नाण्यांचा डबा शिगोशीग भरून वाहत होता. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मशीन बंद तर कमाई बंद, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. २५ सेंटचं एकेक नाणं जमवणाऱ्या माणसाला दुरुस्ती जागेवरच जमली पाहिजे, म्हणून मशीनसोबत सर्किटचे मोठमोठे नकाशे यायचे. आजच्या एखाद्या फोनबरोबर असा नकाशा मागून बघा...

आता त्या नकाशावरची वाट. कपाटाच्या तळाशी एक दणकट ट्रान्सफॉर्मर, शेजारी फ्यूजची रांग, ब्रिज रेक्टिफायर आणि कोकच्या कॅनची आठवण करून देणारा निळा कपॅसिटर. इथले जुने दुरुस्तीवाले त्याला लाडाने 'बिग ब्लू' म्हणतात. साधारण २६-२७ हजार मायक्रोफॅरड. त्याच्यावर दहा व्होल्टच्या आसपास कच्चा डी.सी. मिळतो. तो रेग्युलेटरच्या छोट्या बोर्डावर जातो आणि तिथे २एन३०५५ हा जाडजूड ट्रान्झिस्टर जास्तीचे व्होल्ट उष्णतेच्या रूपाने उधळून नेमके पाच पुढे पाठवतो. ६५०२ प्रोसेसर आणि भोवतीच्या सगळ्या टीटीएल चिपा या पाचावर जगतात. ४.७५ च्या खाली गेलं की त्यांचा भरवसा नाही. प्रोसेसर भरकटला की वॉचडॉग सर्किट त्याला पुन्हा पुन्हा रीसेट करतं, तीच ती टिक-टिक.

यातला सगळ्यात हुशार भाग म्हणजे 'सेन्स'ची तार. इमारतीत पाण्याचा पंप चालू केला की गच्चीवर एकाला उभं करतात ना, "आलं का रे पाणी?" विचारायला? तसंच. रेग्युलेटर स्वतःच्या दारातला व्होल्टेज बघत नाही, लांब मुख्य बोर्डावर किती पोचलं ते एका वेगळ्या तारेने विचारतो आणि कमी पडलं तर जोर वाढवतो. नव्या मशीनमध्ये उत्तम! पण चाळीस वर्षांत कनेक्टरचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. समजा पाच अँपिअर जाताहेत आणि कॉन्टॅक्टचा रोध झाला जेमतेम दशांश ओहम. अर्धा व्होल्ट तिथेच गेला आणि अडीच वॉट उष्णता त्या चिमुकल्या पितळी पट्टीवर. ती तापली की आणखी काळी पडते, रेग्युलेटर आणखी जोर लावतो. आपलं काम चोख करता करताच तो कनेक्टर भाजून काढतो.

माझ्याकडे बोर्डावर ५.० होते आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी ५.७. दहा मिनिटांनी ते ६ झाले आणि बोर्डावरचे घसरू लागले. म्हणजे कॉन्टॅक्ट दोषी, हे उघड. पण रेग्युलेटर आणखी का चढत नव्हता? मीटर ए.सी.वर टाकून बिग ब्लूवर धरला: १.३ व्होल्ट. डी.सी.वर हाच कपॅसिटर निर्दोष दिसत होता, कारण मीटर सरासरी सांगतो. प्रत्यक्षात सेकंदाला १२० वेळा तिथे खड्डा पडत होता, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी रेग्युलेटरला सहा देण्याइतकं भांडवलच उरत नव्हतं. एकेकटं दुखणं मशीनने सोसलं असतं, दोन्ही मिळून जमेना. दोष कुणाचा नाही, वयाचा आहे. दोन-चार वर्षं कमाई करून निवृत्त व्हायला बनवलेली वस्तू आपण पंचेचाळीस वर्षं चालवतो आहोत.

मग प्रश्न आला तो खरा. सगळेच सल्ला देतात की ही जुनी रेग्युलेटरची भानगड काढून टाक आणि स्वस्तातला स्विचिंग सप्लाय लाव. चालेलही. गंमत म्हणजे स्विचिंगचं तंत्र तेव्हा अटारीला परकं नव्हतं. १९७७ च्या अ‍ॅपल-२ चा हलका, थंड स्विचिंग सप्लाय बनवणारा रॉड होल्ट अटारीतूनच गेलेला, आणि जॉब्जला त्याचं नाव सुचवलं होतं याच अ‍ॅल अल्कॉर्नने. तरीही दोन वर्षांनंतरच्या अ‍ॅस्टरॉइड्समध्ये हे लोखंड राहिलं. मला तरी कारण सरळ दिसतं: कपाट कुणी काखेत मारून नेत नाही, आणि हा सप्लाय पिझ्झाच्या दुकानात गुडघ्यावर बसून साध्या मीटरने दुरुस्त होतो. शिवाय मॉनिटरला ट्रान्सफॉर्मरमधून थेट ए.सी. लागतो, म्हणजे ते धूड तसंही निघणार नव्हतंच. मी जुनंच ठेवलं. काढलं असतं तर त्या काळाने निवड कशी केली, याचा पुरावाच कचऱ्यात गेला असता.

काम स्वतः करणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्लग भिंतीतून काढा, दाराच्या इंटरलॉक स्विचवर विसंबू नका. हातातली अंगठी काढा: दहा व्होल्टचा शॉक बसत नसला तरी बिग ब्लूमधला करंट धातू लाल करू शकतो. आणि मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट बंद केल्यावरही मुक्काम करून असतात, तिकडे उगाच हात घालू नका.

नवा कपॅसिटर, कनेक्टरला नव्या पट्ट्या, बोर्डाच्या कडेवर खोडरबर आणि अल्कोहोल. आता रेग्युलेटरशी ५.१, बोर्डावर ५.०३. परवा मुलीने सलग तीन तास खेळून ३१,४७० केले. या मशीनला स्कोअर जपणारी मेमरी नाही, ती पुढच्या 'अ‍ॅस्टरॉइड्स डीलक्स'मध्ये आली. बटण बंद की नाव पुसलं. म्हणून तिने फ्रिजवर एक वही टांगली आहे. त्यात सध्या मी चौथा.