‘ल मालाद इमाजिनेर’ : मृत्यूची दंतकथा आणि हरवलेले संगीत

मोलिएरच्या ‘ल मालाद इमाजिनेर’ (काल्पनिक रोगी) या नाटकाचा पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिसच्या पाले-र्वायालमध्ये झाला. १७ फेब्रुवारीच्या चौथ्या प्रयोगात आर्गांची भूमिका करीत असतानाच मोलिएरची प्रकृती ढासळली आणि त्याच रात्री घरी त्याचे निधन झाले. धडधाकट असून स्वतःला आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका खरोखरच आजारी असलेल्या नटाने करावी, हा विरोधाभास नाटकाच्या पुढील अन्वयार्थांवर कायमचा पसरला. नाटकातला आर्गां तर मोलिएरचेच नाव घेऊन, आपण वैद्य असतो तर त्याला उपचाराविना मरू दिले असते, असे म्हणतो. १७ फेब्रुवारीनंतर या विनोदाला शापवाणीचे रूप आले.

मात्र या दंतकथेच्या प्रभावाखाली नाटकाचा मूळ रूपबंध झाकला गेला. ही गद्य सुखात्मिका नव्हे. प्रस्तावना, तीन अंक आणि गायन-नृत्याची मध्यंतरे यांनी सिद्ध झालेली ती ‘कोमेदी-बाले’ आहे. १६७२ मध्ये ल्युलीने संगीत-रंगभूमीची राजाज्ञा आपल्याकडे घेतली. या फाटाफुटीनंतर मोलिएरने शार्पान्तिएकडून संगीत करवून घेतले. पण इतर मंडळ्यांच्या गायक-वादकांच्या संख्येवर निर्बंध आले आणि मोलिएरच्या मृत्यूनंतर ते दोन गायक व सहा वादक इतके कडक झाले. शार्पान्तिएला आपली रचना पुन्हा पुन्हा बदलावी लागली. तात्पर्य, संगीताला लागलेली कात्री कलात्मक निर्णयातून नव्हे, तर सत्तेच्या व्यवहारातून आली. पुढे मध्यंतरे ही केवळ सजावट मानण्याची प्रथा पडली.

या प्रथेने नाटकाच्या अर्थालाच बाधा येते. आर्गां अखेरपर्यंत बरा होत नाही. त्याला वैद्यच करण्यात येते. मोडक्या लॅटिनमधील पदवीदान-विधीत प्रत्येक रोगावर त्याचे उत्तर एकच : बस्ती, रक्तमोक्षण आणि रेचक. हार्वेचा रक्ताभिसरणाचा सिद्धांत १६२८ सालचा. तरी नाटकातला तरुण वैद्य तॉमा द्याफ्वारुस त्याविरुद्ध लिहिलेला प्रबंध वाग्दत्त वधूला भेट देतो. उपहासाचा विषय एखादा वैद्य नसून, स्वतःच्या शब्दांनाच ज्ञान समजणारी संस्था आहे. समूहगानाने त्या शब्दांना मान्यता मिळते तेव्हाच ही संस्था रंगमंचावर मूर्त होते. आर्गांचा भाऊ बेराल्द हा विधी थट्टा म्हणून नव्हे, तर भावाच्या कल्पनेशी जुळवून घेण्यासाठी योजतो. भ्रमाला तर्क पुरत नाही, त्याला नाट्यच लागते. संगीत वगळले की उरतो फक्त एक मूर्ख रोगी.

मोलिएरची म्हणून ओळखली जाणारी आर्गांची खुर्ची कोमेदी-फ्रांसेझने अवशेषासारखी जपली. १८७९ पर्यंत ती रंगमंचावर वापरातही होती. संगीताला मात्र असा आश्रय मिळाला नाही. त्याची विखुरलेली हस्तलिखिते संशोधकांनी विसाव्या शतकात पुन्हा जुळवली आणि १९९० मध्ये व्हिलेजिए यांचे दिग्दर्शन व विल्यम ख्रिस्टी यांचे संगीत-संचालन लाभलेल्या पॅरिसमधील शातले येथील प्रयोगात नाटक आपल्या पूर्ण रूपाच्या जवळ पोहोचले. नटाच्या मृत्यूची स्मृती तीन शतके जपली गेली. नाटककाराने रचलेले हास्य ऐकू येण्यास मात्र तेवढाच काळ जावा लागला.