अक्कलदाढ काढल्यानंतर : वेदना, वुजू, जेवण आणि डॉक्टरांकडे परत कधी जायचे

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती तिरकी किंवा आडवी अडकते. मग हिरडीखाली अन्न साचते, सूज येते, कधी पू होतो आणि शेवटी डॉक्टर सांगतात की दाढ काढावी लागेल. काढताना भूल दिलेली असते, त्यामुळे खुर्चीवर फारसे दुखत नाही. खरी परीक्षा घरी आल्यावर, भूल उतरल्यावर सुरू होते. त्यात घरातला प्रत्येक जण काही ना काही सांगतो. कोणी म्हणते गरम शेक दे, कोणी म्हणते लवंगाचे तेल भर, कोणी म्हणते मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या कर. यातल्या काही गोष्टी योग्य वेळी चांगल्या आहेत, पण चुकीच्या वेळी केल्या तर दुखणे वाढते.

सगळे काही एका गुठळीवर

दाढ काढली की तिथे खड्डा राहतो. काही मिनिटांत त्यात रक्त साकळते आणि गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे घाण नाही, ती जखमेवरची नैसर्गिक पट्टी आहे. तिच्याखाली उघडे हाड आणि नसा झाकल्या जातात आणि तिच्यातूनच नवे मांस भरून येते. पहिल्या दोन-तीन दिवसांतले सारे पथ्य याच गुठळीसाठी आहे. ती जागेवर राहिली तर बरे होणे आपोआप पुढे सरकते. ती निघाली तर वेदना असह्य होतात.

पहिले २४ तास

डॉक्टरांनी दिलेली गॉजची घडी ३० ते ४५ मिनिटे घट्ट दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून "रक्त थांबले का" हे बघत बसू नका. पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी येणे नेहमीचे आहे. ती गिळून टाका किंवा टिशूने हळूच पुसा. जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका. या तिन्ही गोष्टींनी तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी सुटते.

रक्त पुन्हा वाहू लागले तर स्वच्छ गॉज ओली करून खड्ड्यावर ठेवा आणि ३० मिनिटे दाबा. गॉज नसेल तर काळ्या चहाची पिशवी भिजवून, गार करून दाबली तरी चालते. चहातल्या टॅनिनने रक्त साकळायला मदत होते.

गालावर बाहेरून बर्फ लावा. बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा, तेवढाच वेळ थांबा, पुन्हा ठेवा. पहिल्या दिवशी गरम शेक अजिबात नको, त्याने सूज आणि रक्त दोन्ही वाढते. झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवा. भूल उतरेपर्यंत ओठ आणि जीभ बधिर असते. तेव्हा काही चावून खाल्ले तर ओठ चावला गेलेला कळतही नाही. लहान मुलांना आणि तरुणांना हे आवर्जून सांगा.

घरातल्या बाईने दाढ काढली असेल तर तिला दोन दिवस खरोखर आराम द्या. सकाळी दाढ काढायची आणि संध्याकाळी चुलीसमोर वाकून रोट्या भाजायच्या, हे चालणार नाही. उष्णता, वाकणे आणि वजन उचलणे यांनी रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो.

गोळ्या : दुखायची वाट पाहू नका

भूल साधारण दोन ते चार तासांत उतरू लागते. पहिली गोळी त्याआधीच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, थोडे खाऊन घ्या. दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा काम करते. पहिले दोन-तीन दिवस वेळ ठरवून गोळ्या घेतल्या तर एकूण त्रास कमी होतो. "सहन होतंय तोवर गोळी नको" हा हट्ट इथे उपयोगाचा नाही.

दाढेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली चालते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. त्यावर घरातली तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी वेगळी घेतली तर मात्रा दुप्पट होते. निरोगी प्रौढाने २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये आणि यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी कमी असते. दुसरी, ज्यांना पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा गोळ्यांनी उसळणारा दमा आहे, जे रक्त पातळ करणारे औषध घेतात आणि ज्या गरोदर आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन किंवा त्या जातीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त जास्त वाहते. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका.

अँटिबायोटिक ही वेदनेची गोळी नाही. लिहून दिली असेल तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. लिहून दिली नसेल तर मेडिकलवाल्याला विचारून आणू नका.

वुजू, नमाज आणि रोजा

वुजूमध्ये कुल्ली करणे हनफी आणि शाफई दोन्ही फिक्हमध्ये सुन्नत आहे, फर्ज नाही. म्हणून पहिल्या २४ तासांत जोरात खळखळून कुल्ली करण्याची गरज नाही. गुस्लचा मामला हनफी फिक्हमध्ये वेगळा आहे, तिथे कुल्ली फर्ज आहे. तशी वेळ आली तर तोंडात पाणी घ्या, डोके हळूच दोन्ही बाजूंना कलते करा आणि तोंड उघडून पाणी आपोआप गळू द्या. पिचकारी मारू नका. थुंकीत रक्त दिसल्यावर वुजू राहते की नाही, याचे उत्तर दोन्ही फिक्हमध्ये वेगळे आहे. ते आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्या, पण ते तपासण्यासाठी सारखे थुंकत राहू नका.

मिस्वाक बाकीच्या दातांवर दुसऱ्या दिवसापासून हलक्या हाताने करता येते, मात्र जखमेच्या बाजूला आठवडाभर नको. सजद्यात डोके खाली गेले की ठणका वाढत असेल किंवा रक्त येत असेल तर एक-दोन दिवस बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आजारी माणसाला आहे.

दाढ लगेच काढणे गरजेचे नसेल तर तारीख रमजानच्या आधीची किंवा ईदनंतरची घ्या. कारण साधे आहे. आपल्याकडे रोजा साधारण १३-१४ तासांचा असतो. दर ६ किंवा ८ तासांनी घ्यायच्या गोळ्या इफ्तार ते सहरीच्या वेळेत नीट बसत नाहीत. एकदम दोन डोस घेणे धोक्याचे आहे आणि डोस चुकवला तर दुखणे व संसर्ग वाढतो. पण पू झाला असेल, ताप असेल तर रमजान संपायची वाट पाहू नका. आजारी माणसाने रोजा सोडून नंतर कजा करावा, ही सवलत सूरह बकराच्या आयत १८४ आणि १८५ मध्ये आहे. ती घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

काय खावे, काय नको

पहिल्या दिवशी गार आणि मऊ : दही, ताक, केळे, गार केलेली खीर, चमच्याने आइस्क्रीम, नारळपाणी ग्लासातून. दुसऱ्या दिवसापासून कोमट आणि मऊ : मऊ खिचडी, पातळ वरण, दलिया, उकडून कुस्करलेला बटाटा, अंडे, गाळलेली यखनी. दुसऱ्या बाजूने चावा. पाणी भरपूर प्या.

आठवडाभर पापड, चिवडा, शेंगदाणे, तीळ, कबाब आणि हाडाचे मटण टाळा. तिखट आणि कढत चहा दोन-तीन दिवस नको. सिगारेट, बिडी, हुक्का, तंबाखू, मशेरी आणि सुपारी किमान ७२ तास पूर्ण बंद, आठवडाभर बंद ठेवली तर उत्तम. धूर आणि तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो.

दुसऱ्या दिवसापासून

२४ तासांनंतर मिठाचे पाणी सुरू करा. एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. प्रत्येक जेवणानंतर तोंडात धरा, हळूच फिरवा, गळू द्या. बाकीचे दात घासणे बंद करू नका, तोंड स्वच्छ नसेल तर जखम चिघळते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते. आरशात बघून घाबरू नका, त्यानंतर ती उतरू लागते. गालावर निळसर-पिवळा डाग येऊ शकतो. तोंड पूर्ण उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. ४८ तासांनंतर कोमट शेक आणि तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम केला तर जबडा सैल होतो. विरघळणारे टाके आपोआप गळतात, रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढावे लागतात. हिरडी काही आठवड्यांत जुळते, आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढले तर

ही सर्वात महत्त्वाची खूण आहे. नेहमीचे दुखणे दिवसागणिक कमी होते. ते आधी कमी होऊन दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक वाढले, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला आणि गोळीचा परिणाम होईना, तर गुठळी निघून गेली असण्याची शक्यता आहे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत, तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हे जास्त आढळते. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात आणि आराम लवकर पडतो. घरी खड्ड्यात लवंगाचे तेल, हिंग किंवा तुरटी भरू नका. लवंगातले युजेनॉल डॉक्टरही वापरतात, पण मोजून, पट्टीत घालून. नुसते तेल हिरडी भाजते.

वेळ न घालवता दवाखान्यात जा, जर :

- ३० मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल
- १०१ अंशांच्या वर ताप असेल किंवा जखमेतून पू येत असेल
- तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल
- ओठ, हनुवटी किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल
- गोळीनंतर अंगावर पुरळ उठले असेल

गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा सूज जबड्याखाली मानेकडे उतरत असेल तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. दातांचा संसर्ग मानेत उतरला तर जिवावर बेतू शकते.

मधुमेह असेल तर दाढ काढण्याआधी साखर तपासून डॉक्टरांना सांगा, नंतरही रोज लक्ष ठेवा. खाणे कमी झाले म्हणून इन्सुलिनचे प्रमाण मनाने बदलू नका, फोन करून विचारा.

खर्चामुळे उपचार टाळू नका. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ही शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यापेक्षा खूपच कमी खर्चात होते. दाढ काढून निघताना एकच गोष्ट विसरू नका : रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या माणसाकडे द्या.