डॉसन सिटी
डॉसन सिटी : कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील, युकॉन व क्लोंडाइक नद्यांच्या संगमावरचे छोटे नगर. ते सोन्याने वसवले, ही समजूत अपुरी आहे. १८९६ मध्ये क्लोंडाइकला मिळणाऱ्या ओढ्यात सोने सापडले आणि दोन वर्षांत हजारो लोक येथे लोटले, हे खरेच. पण त्याआधीपासून संगमावर ट्रोंडेक ह्वेचिन लोकांचा सॅमन मासेमारीचा तळ होता. गर्दीमुळे त्यांना प्रमुख आयझॅक यांच्यासह प्रवाहाच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे जावे लागले. सुवर्णकथांत ही किंमत क्वचितच मोजली जाते. १९५३ मध्ये प्रदेशाची राजधानी येथून व्हाइटहॉर्सला गेली, तरी नगर टिकले. येथे युकॉनवर आजही पूल नाही : उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून वाट, आणि बर्फ धरण्या-फुटण्याच्या दिवसांत दोन्ही बंद.