खोलीतली तिसरी पाळी : करी रोडची वीज, गिरणीपासून बिटकॉइनपर्यंत

गिरणगावातल्या विजेचा विषय निघाला की गप्पा खोपोलीचे वीजघर, ट्राम आणि लोकल एवढ्यावर संपतात. गिरणीत वीज कशी आली हे आपण आवडीने सांगतो. पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती आली तेव्हा त्या खोलीने किती भार उचलावा असे धरले होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मलाही तो कागदपत्रे चाळताना पडला नाही. गेल्या काही वर्षांत करी रोड, डिलाइल रोड आणि लालबागच्या काही घरांत एक यंत्र आले, ते वरचेवर बंद पडू लागले आणि ते पाहायला मला बोलावणी येऊ लागली, तेव्हा तो पडला. माझे वडील एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. मी वायरिंगची कामे करतो आणि उरलेल्या वेळात गिरणगावच्या विजेच्या नोंदी जमवतो. त्यामुळे या यंत्रांकडे मी दोन्ही नजरांनी पाहिले.

हे यंत्र म्हणजे बिटकॉइनचे ‘मायनिंग’ करणारा संगणक. बिटकॉइनचे जाळे 3 जानेवारी 2009 रोजी सुरू झाले. या नाण्याच्या सर्व व्यवहारांची एक सामाईक वही असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. ते जोडण्याचा मान मिळवायला जगभरची यंत्रे एक विशिष्ट आकडा शोधत असतात. ज्याला तो आधी सापडतो त्याला नवी नाणी मिळतात. आकडा शोधायची युक्ती नाही, फक्त अंदाजामागून अंदाज करत राहायचे. म्हणून हे यंत्र चोवीस तास, पूर्ण ताकदीने चालवावे लागते. इथेच त्याचे घराशी बिनसते. का, ते समजायला आधी गिरणीकडे पाहू.

वाफेच्या काळात गिरणीत एकच मोठे इंजिन असे. त्याच्या चाकावरून जाड दोर मजल्यामजल्यावरच्या शाफ्टकडे जात, आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी साचे फिरत. विजेचा प्रवेश प्रथम दिव्यांच्या रूपाने झाला. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे पसरले तसे कामाचे तास सूर्यास्तापलीकडे लांबले आणि कामगारांत असंतोष उसळला. पुढे 1911 च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला 12 तासांची मर्यादा घातली. म्हणजे वीज आली आणि पाठोपाठ ‘यंत्र किती वेळ चालवायचे’ हा तंटाही आला.

यंत्रे फिरवणारी वीज त्यानंतरची. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून तयार केलेली वीज 1915 पासून मुंबईत येऊ लागली. तिचे मुख्य गिऱ्हाईक होत्या कापड गिरण्या, कारण गिरणीचा भार अखंड असतो. पाळी सुरू झाली की संपेपर्यंत मोटारी फिरतच राहतात. त्या हिशेबानेच गिरणीत केबली टाकलेल्या असत. जाड तारा, मोठे स्विच, आणि त्यांची निगा राखायला पाळीपाळीला माणसे. वडील सांगत, इलेक्ट्रिक खात्याचे निम्मे काम म्हणजे फिरत राहणे. जोड तापलाय का, बेअरिंग ओरडतेय का, जळका वास येतोय का, हे बिघाड व्हायच्या आधी कळायला हवे.

खोलीचा हिशेब वेगळा. शहरात घरगुती वीज देणारी कंपनी 1905 मध्ये उभी राहिली आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी ती महापालिकेकडे आली, तीच आपली बेस्ट. चाळीतल्या खोलीत बराच काळ वीज म्हणजे एक दिवा, पुढे एक पंखा आणि रेडिओ. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. त्यांतली खोली 160 चौरस फुटांची. अशा खोलीत टीव्ही, फ्रिज, मिक्सर, इस्त्री एकेक करून आले, ते जुन्याच तारेला नवी तार पिळून. तरी निभावले, कारण घरातला जड भार थोड्या वेळाचा असतो. इस्त्री दहा मिनिटे चालते, मिक्सर दोन मिनिटे. तापलेल्या जोडाला थंड व्हायला सवड मिळते. घराची वायरिंग या सवडीवर जगते.

मायनिंगचे यंत्र ही सवड देत नाही. 2016 मध्ये आलेले आणि पुढे सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलेले अँटमायनर एस-9 सुमारे 1350 वॅट खाते. म्हणजे 75 वॅटचे 18 पंखे एकदम, रात्रंदिवस. महिन्याला 972 युनिट. यातली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते आणि पंख्यांचा आवाज 75 डेसिबलच्या घरात जातो. पूर्वी पाळ्यांत काम करणारे गाळेकरी आळीपाळीने एकाच खोलीत झोपत. आता खोलीतच तिसरी पाळी चालू झाली.

स्टेशनजवळच्या एका चाळीतले उदाहरण देतो. पंचविशीतल्या मुलाने जुने यंत्र घेतले होते. पहाटे पाणी आले की ते हमखास बंद पडे. त्याने पॉवर सप्लाय बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, पण उपयोग झाला नाही. मी यंत्र उघडले नाही, आधी मल्टिमीटर लावला. यंत्र बंद असताना खोलीतल्या सॉकेटवर 231 व्होल्ट. यंत्र चालू केल्यावर तिथेच 216, आणि त्याच वेळी खाली मीटरपाशी 228. म्हणजे मीटर ते सॉकेट या वाटेत 12 व्होल्ट गळत होते. प्रवाह सव्वासहा अँपिअर, म्हणून 75 वॅट भिंतीतल्या तारांत आणि जोडांत जळत होते. पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की मीटरपाशीच दाब आणखी उतरे आणि खोलीत तो 200 च्या खाली जाई. या यंत्रांचे पॉवर सप्लाय सहसा 200 ते 240 व्होल्टसाठी असतात. यंत्राने बंद पडून स्वतःला वाचवले होते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या पिवळ्या बल्बला कमी व्होल्ट मिळाले की तो मंद होतो आणि प्रवाहही कमी ओढतो. यंत्राचा पॉवर सप्लाय उलटे वागतो. त्याला ठरलेले वॅट हवेतच, म्हणून व्होल्ट उतरले की तो प्रवाह वाढवतो. 230 व्होल्टला 5.9 अँपिअर ओढणारे यंत्र 200 व्होल्टला पावणेसात ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाने. कमजोर जोड तापतो, तापला की आणखी कमजोर होतो. भार ओढणारी मोटार कमी दाबावर जळते ती अशीच. गिरणीतल्या वायरमनला हे पुस्तक न वाचता ठाऊक असे.

स्विचबोर्डामागे अपेक्षित तेच सापडले. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळलेली, वर चिकटपट्टी, आणि ती भाजून तपकिरी झालेली. बोर्डाखाली मुलाच्या आईची झोपायची जागा होती. परवानाधारक माणसाकडून मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार, तिला स्वतंत्र एमसीबी, 16 अँपिअरचे सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घेतले. चालू यंत्राला 227 व्होल्ट मिळू लागले आणि पहाटेचे बंद पडणे थांबले.

दुसरी तक्रार वेगाची. यंत्रात तीन हॅश बोर्ड असतात, त्यांतला एक दिसेनासा झाला की वेग एक तृतीयांशाने घटतो. इथे नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चांगल्या बोर्डाची केबल बिघडलेल्याला लावायची. दोष केबलबरोबर फिरला तर केबल खराब, बोर्डापाशीच राहिला तर बोर्ड. आमच्याकडे बहुतेक वेळा धूळ आणि खारी दमट हवाच कारण निघाली. ज्या ओलसर हवेमुळे सूत कमी तुटते म्हणून मुंबई गिरण्यांना मानवली, तीच हवा या यंत्रांच्या पिना गंजवते. उन्हाळ्यात चिप तापून वेग उतरतो. तेव्हा गरम हवा खिडकीबाहेर काढणे आणि यंत्राचा वेग व व्होल्टेज दोन्ही थोडे कमी ठेवणे हे उपाय. वेग जितका घटतो त्याहून विजेचा खर्च जास्त घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो.

लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्डे आणून इथेरियमचे मायनिंग करणाऱ्यांची अडचण निराळी होती. कार्ड राइझरवर बसवतात. राइझर 75 वॅटपर्यंत ओढू शकतो. त्याला हार्ड डिस्कसाठीची साटा पिन लावली, तर तिची क्षमता 54 वॅट. पिन वितळते. पुन्हा तीच गोष्ट, थोड्या भारासाठी केलेल्या जोडावर अखंड भार. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि ही कार्डे रिकामी झाली.

खर्चाचा हिशेबही गिरणीशी ताडून पाहावा. मालक वीज आणि कोळसा उत्पादनखर्चात धरत असे. 2022 च्या अर्थसंकल्पाने आभासी चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्या नफ्यातून वजा होणार नाही असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. बिटकॉइनचे बक्षीस साधारण चार वर्षांनी निम्मे होते. 2020 मध्ये ते 6.25 नाण्यांवर आले, एप्रिल 2024 मध्ये 3.125 वर. इकडे बेस्टचे बिल युनिट वाढतील तशा चढ्या टप्प्यांनी येते. त्या मुलाला मी 972 युनिटांचे बिल आणि महिन्याची मिळकत शेजारीशेजारी मांडायला सांगितले. दोन महिन्यांनी त्याने यंत्र विकले. नवी तार मात्र घरात राहिली, आणि माझ्या मते त्या सगळ्या व्यवहारातली टिकाऊ कमाई तीच.

जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. आपण नोकऱ्या गेल्या, जमिनी गेल्या असे म्हणतो, ते खरेच आहे. त्यांच्याबरोबर पाळीत फिरून हाताच्या पंजाने जोड तपासणारी माणसेही विखुरली. अखंड भार म्हणजे काय, हे या वस्तीत शेकडो जणांना कळत होते. आता तोच भार घरात आला आहे आणि त्याची निगा राखणारे खाते घरात नाही.

बिटकॉइनची यंत्रे उद्या इथून जातील. एसी आणि रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर जाणार नाहीत. पुनर्विकासातल्या घराचा ताबा घेताना आपले लोक फरशी ठोकून पाहतात, नळ सोडून पाहतात. त्यासोबत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मीटरवर मंजूर भार किती, मोठ्या सॉकेटकडे येणारी तार किती जाडीची आणि ती मध्ये कुठे जोडली आहे का. जे जुन्या चाळीत राहतात त्यांनी जड भार तासभर चालवून, मेन स्विच बंद करून, सॉकेट आणि प्लग हाताने चाचपून पाहावा. गरम लागला तर यंत्राला दोष देण्याआधी वायरमनला बोलवावे.